जुना बेसबॉल ग्लोव्ह पुन्हा खेळता करताना: सफाई, तेल आणि नवी वादी

गराज सेलच्या खोक्यात किंवा कपाटाच्या तळाशी सापडलेला बेसबॉल ग्लोव्ह हातात घेतला की पहिला विचार येतो, हा गेला. वाद्या, म्हणजे ग्लोव्ह बांधून ठेवणाऱ्या कातड्याच्या अरुंद पट्ट्या, तुटून लोंबत असतात, जाळी एका बाजूने सुटलेली असते, कातडं वाळल्या पापडासारखं वाजतं. पण बहुतेक वेळा मेलेली असते ती फक्त वादी. ती जेमतेम पाच मिलिमीटर रुंद असते, घाम, धूळ आणि चेंडूचा प्रत्येक हिसका तिच्यावर येतो, आणि तिला कुणी कधी तेलाचा हातही लावलेला नसतो. तळव्याचं जाड कातडं तिच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. अमेरिकेत मुलं बेसबॉल खेळू लागली की तिथल्या अनेक मराठी घरांत असा सेकंडहॅण्ड ग्लोव्ह येतो, आणि महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांकडे तर एकच ग्लोव्ह चार-चार बॅचना पुरवला जातो. सॉफ्टबॉलच्या ग्लोव्हची बांधणी हीच असते, तेव्हा खालचं सगळं त्यालाही लागू आहे.

थोडी नावं आधी पक्की करू. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जाळी म्हणजे वेब. वेबच्या पायथ्याशी चेंडू जिथे बसतो तो पॉकेट. मनगटाजवळचा जाड, गादी भरलेला भाग म्हणजे हील, म्हणजे ग्लोव्हची टाच. ग्लोव्ह मिटतो त्या वळणाला बिजागरी म्हणू. कडेने शिवलेली पट्टी तो गोट. आत हाताला लागतं ते अस्तर. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या कप्प्यात वादीचे फास असतात, त्यात ती बोटं अडकतात आणि ग्लोव्ह हातावर डुगडुगत नाही.

दुरुस्त करावा का?

तीन गोष्टी तपासा. पहिली, कातडंच आहे ना? गोटाखाली किंवा वादीच्या भोकाच्या कडेला उघडा काठ शोधा. तंतुमय, कापसाळ काठ असेल तर कातडं. गुळगुळीत थराखाली कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. रेक्झिनच्या ग्लोव्हला नवी वादी घालण्यात अर्थ नाही, ओढ बसताच भोकं फाटतात.

दुसरी, कातडं जिवंत आहे का? हीलजवळचा एक कोपरा हळूच वाकवा. सुरकुती पडली आणि सोडल्यावर विरली तर काम होईल. वळणावर केसासारख्या भेगा उघडल्या आणि चिमटीत घासल्यावर तांबूस भुकटी बोटाला लागली तर त्या कातड्यातले तंतूच तुटलेले आहेत. तेल घालून ते परत येत नाहीत. असा ग्लोव्ह भिंतीवर शोभेल, मैदानात नाही.

तिसरी, तो किती जुना आहे? १९२० च्या सुमारास सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) बिल डोक याच्या कल्पनेवरून रॉलिंग्ज कंपनीने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाद्यांची जाळी विणलेला ग्लोव्ह आणला, आणि आजचा ग्लोव्ह तिथून आकाराला आला. त्या काळातले, बोटं एकमेकांना न बांधलेले ग्लोव्ह संग्राहक शोधत असतात आणि त्यांना मूळ वादी, मूळ शिक्का आणि मूळ रंग हवा असतो. असा ग्लोव्ह हाती लागला तर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा आणि तिथेच थांबा. बोटं वादीने जोडलेला, खेळण्यासाठीचा ग्लोव्ह असेल तर मात्र पुढे वाचा.

आणि हो, ग्लोव्ह चेंडू फेकायच्या हातात नसतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डाव्या हातात बसणारा ग्लोव्ह लागतो. विकत घेताना ही चूक सर्रास होते.

सफाई

ग्लोव्हच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढल्याशिवाय पाण्याचा थेंबही लावू नका. तळवा, पाठ, दोन्ही कडा, बोटांची टोकं वरून, वेब पुढून आणि मागून. वादी कुठल्या भोकातून शिरते, कुठे उलटते, गाठ कुठल्या बाजूला आहे, हे फोटोत दिसायला हवं. पुढे वेब विणताना याच फोटोंवर सगळी भिस्त असते.

आधी कोरडा ब्रश. वाद्यांच्या खाली आणि बोटांच्या खाचांत माती दडलेली असते. ती ओली केली की चिखल होऊन शिवणीत बसते. मग सॅडल सोप, म्हणजे कातड्यासाठीचा खास साबण, किंवा साधा ग्लिसरीनचा साबण. फडकं पिळून घ्या, साबणावर फिरवा, फेस फडक्यावर काढा आणि तो फेस कातड्यावर गोल फिरवून लगेच ओलसर फडक्याने पुसून घ्या. कातडं ओलसर व्हावं, भिजू नये. आतलं अस्तर घामाने काळं झालेलं असतं, तिथे हेच दोनदा करा. एकदम खूप पाणी घातलं तर हीलमधली गादी भिजते, आतून वाळायला कित्येक दिवस घेते आणि तिथेच बुरशी धरते.

पांढरा थर दिसला तर तो काय आहे ते आधी ओळखा, कारण उपाय वेगळे आहेत. बोटाची ऊब दिल्यावर किंवा लांबून हेअर ड्रायरची झुळूक दिल्यावर विरघळून गेला तर ती कातड्यातून वर आलेली चरबी. कोरड्या फडक्याने पुसली की झालं. उबेने काही फरक पडला नाही, खरखरीत लागला आणि ओल्या फडक्याने निघाला तर घामाचं मीठ. केसाळ दिसला, पुसताना फासला आणि कोंदट वास आला तर बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हीच असते. बुरशी घरात झाडू नका, बीजाणू सगळीकडे उडतात. बाहेर नेऊन झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून फडक्याने पुसा. आधी आतल्या एखाद्या कोपऱ्यावर रंग जातो का पाहा.

वाळवायचं ते सावलीत, पंख्याखाली, एक ते दोन दिवस. ऊन, हीटर, ओव्हन, मायक्रोवेव्ह यांतलं काहीही नको. ओलं कातडं तापलं की आकसतं, आकसलेलं कातडं कडक होतं आणि ते परत मोकळं करता येत नाही.

तेल: कमी, मग आणखी कमी

उपेक्षेपेक्षा तेलाने वाया गेलेले ग्लोव्ह जास्त दिसतात. कोरडं कातडं दिसलं की वाटी भरून तेल ओतावंसं वाटतं. त्या दिवशी ग्लोव्ह मऊ होतो, मालकाला आनंद होतो, आणि महिन्याभरात तो जड, काळपट आणि लुळा पडतो. बोटं उभी राहत नाहीत, चेंडू आला की पॉकेट मागे झुकतं. कातड्याचे तंतू तेलाने सुटे पडलेले असतात. ते तेल परत काढता येत नाही. मक्याचं पीठ चोळून एक दिवस ठेवलं तर वरवरचं थोडं शोषलं जातं, एवढंच.

पूर्ण ग्लोव्हला चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल पुरतं. तेही दोन हातांत विभागून, मध्ये एक दिवस सोडून. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) घेणार असाल तर डब्यावर 'प्युअर' लिहिलेलं घ्या. 'कम्पाउंड' म्हणजे त्यात इतर तेलं मिसळलेली असतात. लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं, क्रीम मिळालं तर ते आणखी बरं, कारण ते फार खोल शिरत नाही आणि जास्त झालं तर पुसून काढता येतं. तेल थेट ग्लोव्हवर ओतू नका. फडक्यावर घ्या, फडकं चोळून त्यात मुरवा आणि मग फिरवा. सगळ्यात आधी बिजागरी आणि पॉकेट, मग तळवा. पाठीला फडक्यात उरेल तेवढंच. हीलला जवळजवळ नाहीच. तिचा ताठपणा हवा असतो.

जवसाचं तेल अजिबात नको, ते हवेत वाळून कडक होतं. खोबरेल, ऑलिव्ह, शेंगदाणा ही खाण्याची तेलं कातड्यात राहून खवट होतात, आणि खोबरेल थंडीत आतच गोठतं.

वादी कुठली घ्यावी

इथे नावाचा एक घोटाळा आहे. बेसबॉलच्या वादीच्या पाकिटावर 'रॉहाइड' लिहिलेलं असतं. ती कच्ची कातडी नसते; नीट कमावलेली गाईच्या कातड्याची लवचीक पट्टी असते. आपल्याकडे तबला-पखवाजाच्या दुकानात मिळणारी वादी मात्र खरोखरच न कमावलेल्या कातडीची असते. ती ओली असताना ओवायची, वाळली की आवळून लाकडासारखी ताठ होते. तबल्याला तेच हवं असतं. ग्लोव्हला ती घातली तर दर मिटण्याला भोकांच्या कडा कापत जाते. चपलेच्या वेणीचं पातळ कातडंही चालत नाही, ते ताणून लांबतं आणि तुटतं. नायलॉनची दोरी टिकते खरी, पण बारीक आणि कडक असल्याने कातड्यात करवतीसारखी चालते. सामन्याच्या दिवशी तात्पुरती म्हणून ठीक, कायमची नको.

मोठ्यांच्या ग्लोव्हला ३/१६ इंच रुंदीची वादी लागते, लहान मुलांच्या ग्लोव्हला बऱ्याचदा १/८ इंच, आणि कॅचरच्या (यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या) मिटला, म्हणजे जाड गादीच्या ग्लोव्हला, काही ठिकाणी १/४ इंच. विकत घेण्याआधी जुन्या वादीचा न ताणलेला तुकडा, म्हणजे भोकाच्या आत दडलेला भाग, मोजा. बाहेरचा भाग ताणून अरुंद झालेला असतो. वादी बहुधा ७२ इंचांच्या तुकड्यांत मिळते. पूर्ण ग्लोव्हला चार ते पाच लागतात. सहा घ्या, एखादी ओढताना तुटतेच.

नवी वादी तशीच ओवू नका. एक टोक खिळ्याला बांधून दुसऱ्याला दोन-तीन किलोचं वजन रात्रभर लटकवा. जी काही लांबायची ती इथेच लांबते; नाहीतर हीच ढिलाई पहिल्या दोन सामन्यांत ग्लोव्हमध्ये उतरते. मग वादीची पूर्ण लांबी हातातून सरकवत जा. कुठे पातळ, खवलेला किंवा मऊ पडलेला भाग लागला तर तिथे कापा, तो तुकडा अंगठ्याच्या फासाला वापरा. शेवटी बोटावर क्रीमचा अगदी पुसट हात घेऊन वादीवरून फिरवा, भोकातून सरकायला सोपं जातं.

हत्यारं

वादी ओवायची खास सुई मिळते. तिच्या मागच्या पोकळ टोकात आतून आटे असतात. वादीचं टोक तीन-चार सेंटीमीटर लांब, निमुळतं कापायचं आणि सुईत फिरवून बसवायचं. सुई नसेल तर गिटारची जुनी तार मधोमध दुमडा, दुमडलेला भाग भोकातून पलीकडे काढा, त्या फासात वादीचं टोक अडकवून मागे ओढा. अरुंद तोंडाची पक्कड हवीच. भोकं उघडायला बोथट टोकाची आरी घ्या. चांभाराची धारदार आरी भोक मोठं करत नाही, त्याची कड चिरते.

पकडीने ओढताना सुई पकडा, वादी नव्हे. वादीवर पकडीचे दात उमटले की नंतर ती नेमकी तिथेच तुटते.

ओवणं

एकच नियम जपा: एक जुनी वादी काढली की तिची नवी वादी लगेच घालायची, मगच दुसरीला हात लावायचा. सगळ्या वाद्या एकदम कापून ग्लोव्ह सुटा केला तर गादी सरकते, अस्तर आणि बाहेरचं कवच यांची भोकं एकमेकांसमोर राहत नाहीत, आणि फोटो असूनही वाट सापडत नाही. जुनी वादी कापतानाही तुकडे करू नका. गाठ सोडवा किंवा फक्त गाठ कापा, आणि वादी आली त्या वाटेने मागे ओढत बाहेर काढा. ती किती लांब होती ते मोजून ठेवा.

सुरुवात करंगळी आणि अंगठ्याच्या फासांनी करा. छोटी वादी, थोडी भोकं, हात बसायला चांगली. इथे ग्लोव्ह हातात घालून फासाची घट्टाई ठरवा: बोट सहज शिरावं, पण आत गेल्यावर कप्प्यात डगमगू नये.

मग बोटांची वादी. ही बोटांच्या टोकांजवळच्या भोकांतून एका बोटाकडून दुसऱ्याकडे जाते आणि चारही बोटं एका ओळीत धरते. इथे बहुतेकांकडून फार घट्ट ओढलं जातं. बोटं एकमेकांना चिकटली की ग्लोव्हचा पंखा उघडतच नाही. शेजारच्या दोन टोकांमध्ये साधारण एका बोटाच्या जाडीएवढी जागा ठेवा. बेसबॉलचा व्यास सुमारे साडेसात सेंटीमीटर असतो, त्यामुळे या फटीतून तो निसटायची भीती नाही.

पुढे हीलची वादी. ही अंगठ्याच्या कडेपासून करंगळीच्या कडेपर्यंत टाचेच्या काठाने चालते आणि बाहेरचं कवच, गादी आणि अस्तर यांना एकत्र धरते. प्रत्येक भोकात आधी आरी घालून दोन्ही थरांची भोकं एका रेषेत आणा, मगच सुई. नाहीतर सुई अस्तर आणि कवच यांच्यामध्ये भरकटते आणि नवं भोक पाडते. हीलची वादी कमी-जास्त झाली की ग्लोव्हचा स्वभावच बदलतो. फार आवळली तर टाच आत वळते, पॉकेट उथळ होतं आणि चेंडू हीलवर आपटून उसळतो. फार ढिली राहिली तर गादी खाली सरकते आणि तळहाताला चेंडू थेट लागतो. ओवून झाल्यावर, गाठ मारण्याआधी, ग्लोव्ह हातात घालून पाच-सहा वेळा उघड-मीट करा. वादी आपली जागा शोधते, मग उरलेली ढिलाई एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकवत काढा.

वेब शेवटी. एच-वेब, आय-वेब, ट्रॅपीझ, बास्केट असे वेबच्या विणीचे प्रकार असतात, प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून इथे फोटो समोर ठेवूनच चाला. वेब एकदम सुटी करू नका. आधी तिची एक बाजू, समजा अंगठ्याची, नव्या वादीने बांधा. तोवर दुसरी बाजू जुन्या वादीवर टिकून राहू द्या. मग तर्जनीची बाजू. वरचा आडवा भाग, जो अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांना जोडतो, तो सगळ्यात शेवटी. सगळ्यात जास्त हिसका तिथेच बसतो, म्हणून वादीतला सगळ्यात जाड आणि निर्दोष तुकडा त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, बारा इंच घेराचा असतो. तेव्हा त्याच्या ग्लोव्हची वेब बेसबॉलपेक्षा थोडी सैल ठेवा, नाहीतर चेंडू पॉकेटपर्यंत पोचतच नाही.

ओवताना वादीची गुळगुळीत बाजू कायम बाहेर. भोकातून बाहेर येताना वादीला पीळ पडतो. तो बोटाने सरळ करून मगच ओढा. पीळ तसाच आवळला गेला तर वादी तिथे अर्धीच रुंद राहते, सगळा ताण त्या एका काठावर येतो, आणि पुढच्या मोसमात पहिली तुटते ती तिथेच.

वादी मध्येच संपली तर गाठ मारून जोडू नका, गाठ भोकातून जात नाही. दोन्ही टोकांना आठ मिलिमीटरची उभी चीर द्या, दुसऱ्या वादीचं टोक पहिलीच्या चिरेतून काढा, मग दुसरीचं मागचं टोक तिच्याच चिरेतून ओढून घ्या. जोड सपाट बसतो. तो कवच आणि अस्तर यांच्यामध्ये लपेल अशी जागा निवडा.

शेवटच्या गाठी चौकट गाठीच्या: उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घातलं तर गाठ सरकते. शेपट्या पाच-सहा सेंटीमीटर लांब सोडा, आत्ता कापू नका.

फाटलेलं भोक, उसवलेली शिवण

भोकाची कड फाटून बाहेरपर्यंत आली असेल तर मागून पातळ कातड्याचं ठिगळ लावा: नाण्याएवढं गोल, कडा रापीने तासून पातळ केलेल्या, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू देऊन चिकटवलेलं. दुसऱ्या दिवशी चार मिलिमीटरच्या पंचने जुन्या जागीच भोक पाडा. ठिगळाच्या कडा तासल्या नाहीत तर त्या अस्तरातून हाताला टोचतात. पितळी आयलेट (कडेला बसवलेली गोल कडी) असलेल्या भोकांभोवती हिरवा मळ साचला असेल तर काडीने कोरडाच खरवडून काढा.

बोटांची शिवण उसवली असेल तर मेणाचा ०.८ मिलिमीटर पॉलिएस्टर दोरा घ्या आणि दोन सुयांनी, जुन्याच भोकांतून, समोरासमोर टाके घाला. हे काम ओळखीच्या चांभाराकडून करून घेणं उत्तम. त्याचा हात या टाक्यात तुमच्यापेक्षा कितीतरी सरस असतो. फक्त त्याला सांगा की नवी भोकं नकोत आणि मशीनही नको. मशीनची सुई जुन्या भोकांच्या मधोमध नवी भोकं पाडते, आणि जुनं कातडं त्या ओळीवर कागदासारखं फाटतं.

आकार बसवणं

नव्या वाद्यांनी ग्लोव्ह काही दिवस अनोळखी, ताठ वाटतो. पॉकेटमध्ये चेंडू ठेवा, अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे येतील असा ग्लोव्ह मिटा आणि कापडी पट्टीने सैलसर बांधून दोन दिवस ठेवा. रोज दहा मिनिटं लाकडी मोगरीने किंवा चेंडूनेच पॉकेटमध्ये ठोका. मधोमध दुमडून, गादीखाली दाबून ठेवू नका. चुकीच्या जागी घडी पडली की बिजागरी तिथे सरकते आणि ग्लोव्ह कायम पोळीसारखा मिटतो.

मग कुणाला तरी समोर उभं करून हळू चेंडू झेला. पहिल्या आठवड्याच्या खेळानंतर सगळ्या वाद्या पुन्हा एकदा तपासा. वजनाने ताणून घेतल्या असल्या तरी थोड्या सैल झालेल्या असतात. गाठ सोडा, आरीचं बोथट टोक प्रत्येक वेढ्याखाली घालून ढिलाई पुढे सरकवत गाठीपर्यंत आणा, पुन्हा बांधा, आणि आता शेपट्या हव्या तेवढ्या ठेवून कापा.